एक उशी जास्त

मॅडम भर कोर्टात माझा कोट ओढायच्या. मी उभा राहून बोलत असायचो, त्या मागच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या आणि एकाएकी कोटाचं मागचं टोक खाली खेचलं जायचं. अर्थ एवढाच, की पुरे झालं, बस खाली. ठाणे कोर्टात त्यांच्या हाताखाली शिकलेले बरेच वकील आहेत. पाठमोरे उभे असले तरी ओळखू येतात. कोटाची मागची शिवण उसवून पुन्हा घातलेली असते.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा नुकती सनद मिळाली होती. त्याआधी कल्याणच्या बाजारात चादरी विकायचो. सकाळी लॉ कॉलेज, दुपारपासून चादरी. घरात कोणी वकील नाही, कुणाची ओळख नाही, इंग्रजी यथातथा. नौपाड्यातल्या त्यांच्या ऑफिसचा जिना चढून गेलो आणि म्हणालो, "मॅडम, मला बोलता येतं."

फाईलमधून वर न बघता त्या म्हणाल्या, "ते सगळ्यांनाच येतं. थांबता येतं का?"

मला वाटलं, संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबणार असं विचारतायत. म्हटलं, "तुम्ही म्हणाल तितका वेळ."

त्या हसल्या आणि मला ठेवून घेतलं.

माझी शिवण पहिल्यांदा उसवली ती न्यायाधीशांनी मान डोलावल्यावर मी आणखी एक मुद्दा काढला तेव्हा. चर्रकन आवाज झाला आणि समोरच्या बाजूचे वकीलसुद्धा हसले. मी मुळात तापट. बाहेर आल्या आल्या म्हणालो, "मॅडम, चार माणसांत असं ओढायचं? मी काय बैल आहे?"

"बैल ओढल्यावर थांबतो तरी," त्या म्हणाल्या. मग शांतपणे विचारलं, "बाजारात गिऱ्हाईकाने चादर पसंत केली, पाकीट काढलं, की तू गप्प बसायचास ना?"

"छे. मग त्याला उशी विकायचो."

"न्यायाधीश उशी घेत नाहीत रे."

तेव्हापासून आमच्यात तो शब्दच रुळला. मी लिहिलेल्या अर्जातल्या एखाद्या परिच्छेदाला त्या पेन्सिलीने वेढा घालायच्या आणि बाजूला लिहायच्या, 'उशी'. बाकी त्यांचं बोलणंही तसंच, बिनउशीचं. डब्यातली अर्धी पोळी भाजीसकट माझ्यासमोर सरकवायच्या, 'घे' म्हणायच्या नाहीत. उसवलेला कोट मात्र शिंप्याकडे नेऊ द्यायच्या नाहीत. पर्समध्ये काळा दोरा असायचाच. चष्मा नाकावर ओढून, पक्षकाराशी बोलता बोलता टाके घालायच्या. फाडायचाही त्यांनी आणि शिवायचाही त्यांनीच.

एकदा त्या मागे नव्हत्या, दुसऱ्या कोर्टात होत्या. कोपरीच्या एका मावशींना त्यांचा दीर राहत्या घरातून काढायला बघत होता. त्याला थांबवणारा मनाई हुकूम आम्हाला हवा होता. न्यायाधीश म्हणाले, "ठीक आहे, देतो." मला वाटलं, थोडा जोर लावू. म्हणालो, "साहेब, त्रास इतका आहे की बिचाऱ्या महिनाभर बहिणीकडेच राहतायत."

समोरचा वकील उठलाच. "म्हणजे घराचा ताबा यांच्याकडे नाहीच, साहेब."

हातात आलेला हुकूम गेला. मॅडमनी अपील करून तो परत आणला, मावशी घरी परतल्या. पण मला वर्षभर उभं राहू दिलं नाही. फाईल धर, पुढची तारीख घे, एवढंच काम. माझ्या मागून आलेली मुलं युक्तिवाद करत होती आणि मी त्यांच्या बॅगा सांभाळत होतो. एक दिवस भांडलोच. "मॅडम, खुन्यालासुद्धा जामीन मिळतो."

"त्याचा वकील कमी बोलतो."

पुढे त्यांचे गुडघे गेले. ऑफिस बंद करून त्या नाशिकला बहिणीकडे राहायला जाणार होत्या. त्या आठवड्यात कल्याण कोर्टात माझा स्वतःचा पहिला मोठा दावा होता, टिटवाळ्याच्या एका जोडप्याचा, बिल्डरविरुद्ध. मॅडम न सांगता आल्या आणि अगदी शेवटच्या बाकावर बसल्या. कोटापर्यंत हात पोचणार नाही इतक्या लांब.

मी बोललो. न्यायाधीश मान खाली घालून लिहायला लागले. माझा सगळ्यात लाडका मुद्दा अजून शिल्लक होता, अगदी जिभेवर आलेला. पाठीशी कोणी नव्हतं, कोट कोणी ओढला नाही. मी मुद्दा गिळला आणि बसलो.

बाहेर चहा घेताना त्या म्हणाल्या, "बरं बोललास." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. मी फुगून बोलणार, तेवढ्यात रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "एक उशी होती."

"कुठली?"

रिक्षा सुरू झाली होती. "शोध," त्या म्हणाल्या.

हुकूम आमच्या बाजूने झाला. त्यानंतर फोन केला की मी विचारायचो आणि त्या म्हणायच्या, "इथे ऊन फार आहे." मग एक दिवस त्यांच्या बहिणीचा फोन आला, मॅडम गेल्या म्हणून.

तो राग मी अजून सोडलेला नाही. भाव न सांगता दुकान बंद करणाऱ्याला बाजारात काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही. कल्याणचा तो युक्तिवाद मला तोंडपाठ आहे. उलटा म्हणून बघितला, सुलटा म्हणून बघितला, प्रत्येक वाक्य मला गरजेचंच वाटतं. म्हणून आता कोर्टात उभं राहण्याआधी मी तयारीतलं एक वाक्य काढून टाकतो, बहुतेक वेळा माझं आवडतंच. कुठली उशी ते सांगून गेल्या असत्या तर तेवढी एकच काढली असती. आता रोज एक काढावी लागते.