आज चहा कुणी केला?

गांगुर्डे सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होतो. फोन सिस्टरांच्याच नंबरवरून होता. वार मंगळवार, आणि त्या मला मंगळवारी कधी फोन करत नसत. आमचा वार रविवार, वेळ सकाळी दहाची, आणि फोन करायचा तो मी. म्हणून मी हसतच म्हणालो, "बोला सिस्टर, आज कशी काय आठवण?" पलीकडे त्यांची भाची प्रणिता होती. "काका, मावशी गेली," ती म्हणाली. "अगं, परवाच तर बोललो मी... बरं आहे म्हणाल्या," एवढंच तोंडातून निघालं. हे वाक्य मी त्या दिवशी निदान दहा जणांना ऐकवलं असेल. आता महिना उलटून गेला आहे आणि ते जितक्या वेळा आठवतं, तितका मी जास्तच गोंधळून जातो.

मी रेकॉर्ड रूमचा माणूस. नाशिकच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नोकरीभर केसपेपर लावले, काढले आणि पुन्हा लावले. त्यामुळे काहीही घडलं की हे कोणत्या गठ्ठ्यात जाईल, हेच आधी मनात येतं. बायको या सवयीला वैतागलेली आहे. सिस्टरांचं जाणं मात्र मला कुठल्याच गठ्ठ्यात लावता येत नाही. आजारपण म्हणावं, तर त्यांनी आजाराचा शब्द काढला नव्हता. अचानक म्हणावं, तर तेही खरं नाही, हे मला नंतर कळलं.

सिस्टर ड्रेसिंगच्या वॉर्डात होत्या. ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या आणि बोलायला फटकळ. एके दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "थेटे भाऊ, जे पेशंट आपण घरी पाठवले आणि महिन्याभरात परत आले, त्यांचे पेपर काढून द्या." मी म्हटलं, "सिस्टर, पेपर नंबरावर लावलेत, दुखण्यावर नाही." त्यांनी माझं स्टूल ओढलं, पदर खोचला आणि स्वतःच गठ्ठे उतरवायला सुरुवात केली. धुळीनं शिंकत होत्या, पण उठायचं नाव नाही. शेवटी मीच लाजेकाजेस्तव शिडीवर चढलो. आमची ओळख झाली ती अशी.

त्यांच्या डोक्यात एक भुंगा होता. शुगरच्या पेशंटच्या पायाची जखम वॉर्डात छान भरत यायची, माणूस हसत घरी जायचा, आणि काही दिवसांनी तोच पाय काळानिळा होऊन परत यायचा. मग बोट काढा, कधी अर्धं पाऊल काढा. पहिल्या वेळी घरानं कसाबसा पेललेला खर्च दुसऱ्या वेळी झेपायचा नाही. "मधल्या दिवसांत होतं काय, ते आपल्याला कुणाला ठाऊक आहे?" असं त्या भेटेल त्याला विचारायच्या. आमच्या मोठ्या सरांनी ते मनावर घेतलं आणि रीतसर अभ्यास सुरू झाला. घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटला तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करायचा. निवृत्तीला आलेल्या मला सिस्टरांनी त्या कामावर ओढलं. कारण काय, तर म्हणे माझा आवाज कर्ज देणाऱ्यांसारखा नाही, लोक फोन कापणार नाहीत.

फॉर्म सिस्टरांनी स्वतः पट्टीनं आखला होता. प्रश्न होता, प्रकृती कशी आहे? पुढे बरी, तशीच, बिघडली. कडेला आणखी दोन रकाने, फोन लागला नाही आणि उत्तर दिले नाही. नियम एकच, पण कडक होता. वर नाव आणि तारीख कुणीही घातली तरी चालेल, उत्तर मात्र फोन करणाऱ्यानं कानानं ऐकून आपल्या हातानं भरायचं. पेशंटनं किंवा घरच्यांनी भरलेला फॉर्म त्या सरळ फाडून टाकायच्या.

पहिले दोन-तीन महिने निकाल असे आले की मोठे सर खूश. जो तो बरा! मी खुणा करून थकलो. आणि तरी लोक परत येतच होते. कळवणच्या बाजूच्या एका गावाहून दगूबाबांना आणलं, त्याच्या आदल्याच दिवशी मी त्यांच्याशी बोललो होतो. "बरं हाय, साहेब, लय बरं हाय," असं खणखणीत म्हणाले होते. मी सिस्टरांना म्हणालो, म्हातारा खोटारडा आहे. त्यांनी केसपेपरवरून गावाचा पत्ता उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, मलाही टाकायला लावली आणि आम्ही एस.टी.नं कळवण गाठलं. तिथून पुढे जीपनं. बाबांची बायको ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सिस्टरांनी तिच्या शेजारी बसून शेंगा फोडायला घेतल्या आणि विचारलं, "आजी, पाय सुजला होता, तर बाबा 'बरं हाय' असं का म्हणाले?"

आजीनं आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हीच अडाणी. "आता बाई, तुम्ही एवढ्या लांबून, एवढ्या मायेनं इचारता. फोनवर का रडगाणं गायचं? तुमच्या जिवाला घोर. आन तुम्ही थोडीच लगेच येनार हाय इथं? कसं हाय म्हनलं का बरं हाय म्हनायचं. रीत हाय ती."

परतीच्या गाडीत सिस्टरांनी पिशवीतून दगूबाबांचा फॉर्म काढून पाहिला. मग म्हणाल्या, "भाऊ, आपण चौकशी केली आणि त्यांनी चौकशीला उत्तर दिलं. चूक आपली आहे. मी पण माझ्या आईला हेच सांगायचे, हॉस्टेलवर तापानं फणफणलेली असताना."

त्यानंतर त्यांनी फॉर्म नव्यानं आखला. कडेचे दोन रकाने तेच राहिले, पण प्रकृती कशी आहे, हा प्रश्नच गेला. त्याच्या जागी आलं, आज कोणती चप्पल घातली? घराबाहेर कुठपर्यंत गेलात? आणि सगळ्यात आधी, आज सकाळचा चहा कुणी केला? मोठे सर वैतागले. "सिस्टर, हे तक्त्यात कसं बसवायचं?" त्या म्हणाल्या, "सर, जी बाई तीस वर्षं घराचा चहा करते, तिच्या सुनेनं आज केला, तर आपण गाडी पाठवायची. तक्त्याचं तुम्ही बघा." आणि खरंच, विंचूरला कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाणाऱ्या एका बाईंनी मला फोनवर सांगितलं, "चहा ना? पोरीनं केला. मी दोन दिस झाले उठलेच नाय." पुढच्या वाक्यात लगेच, "पन तसं बरं हाय." त्यांना त्याच दिवशी आणलं आणि पाऊल वाचलं. सरांनी मग तो प्रश्न मोठ्या परिषदेत "आमच्या टीमची कल्पना" म्हणून मांडला. मी चिडलो. सिस्टर पोट धरून हसल्या.

आम्ही दोघं पुढेमागे निवृत्त झालो. त्या देवळाली कॅम्पच्या रस्त्याला त्यांच्या छोट्या फ्लॅटमध्ये भाचीबरोबर, मी इकडे मखमलाबादला. भेटी कमी झाल्या, पण रविवारचा फोन मी चुकवला नाही. आणि फोन लागला की मी काय विचारायचो? "कशा आहात, सिस्टर?" त्या म्हणायच्या, "बरं आहे." मग पुढे पाणी आलं का, तुमच्याकडच्या शेवंतीला भाव काय, मोठे सर आता कुठे असतात... शेवटच्या रविवारीही तेच झालं. फक्त ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "भाऊ, चहा झाला का?" मी म्हणालो, "दोनदा झाला!" त्या हसल्या. हसताना धाप लागल्यासारखी वाटली, पण मला वाटलं, जिना चढून आल्या असतील.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, म्हणजे त्यांच्या बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, मी गेलो होतो. वंदना झाली, लोक पांगले, तेव्हा प्रणितानं मला आतल्या खोलीत नेलं. तिनं सांगितलं ते असं. हृदय कमकुवत झालं होतं, पाय सुजत होते, डॉक्टर भरती व्हा म्हणत होते आणि मावशी पुढच्या आठवड्यावर ढकलत होती. दोन महिने ती धड उठत नव्हती. "चहा मीच करायचे, काका," प्रणिता म्हणाली. तिला आमच्या त्या प्रश्नाचं काही माहीत नव्हतं, सहज म्हणाली. "पण रविवारी तुमचा फोन यायच्या आधी मला केस विंचरून द्यायला लावायची. उशा लावून बसायची."

मला त्यांचा राग येतो, हे इथे लिहून टाकतो. पायात आणि तोंडात सारखंच बळ असलेली बाई, दुसऱ्यांना एस.टी.नं जाऊन खोदून विचारणारी, स्वतः मात्र त्याच रीतीनं वागली. मला घोर लागू नये म्हणून? मग चहाचं का विचारलं? सगळेच विचारतात तसं विचारलं, की मी उलट विचारावं म्हणून वाट पाहिली? तो प्रश्न मी शेकडो अनोळखी माणसांना विचारला होता. तो मला तोंडपाठ होता. ज्या बाईनं तो शोधला तिलाच तेवढा विचारायचा राहिला. विचारला असता तर त्या खरं बोलल्या असत्या का? आणि मी ओढून नेलं असतं तर वाचल्या असत्या का? मी एकदा हो म्हणतो, एकदा नाही म्हणतो, आणि दोन्ही वेळा खोटं बोलतोय असं वाटतं.

निघताना प्रणितानं एक पिशवी दिली. त्यात चहाचा प्रश्न असलेल्या आमच्या फॉर्मचा उरलेला गठ्ठा होता, उशाशी होता म्हणाली. वरच्या फॉर्मवर सिस्टरांच्या अक्षरात त्यांचंच नाव होतं, शालिनी गांगुर्डे. खाली तारखा घातलेल्या. मी घरी येऊन कॅलेंडर काढून ताडून पाहिल्या. सगळे रविवार होते. तारखांपुढचे रकाने कोरे होते.

आता दर रविवारी दहा वाजता मी तो फॉर्म घेऊन बसतो. बायको समोर चहाचा कप ठेवून जाते. भरायला मीच उरलो आहे, नियम तोच आहे. पण फोन तर दर वेळी लागला होता. आणि उत्तर त्यांनी दिलं नाही, असंही लिहिता येत नाही. गेल्या रविवारी मी पट्टी घेतली, कडेला आणखी एक रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं, विचारले नाही. मग पहिल्या तारखेपासून खुणा करत खाली आलो.