तुफानची खुर्ची आणि नवा जॅक

तुफान हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते गिऱ्हाइकांनी बहाल केलं होतं, आणि ते चुकीचं आहे असं म्हणायची सोय या न्हाव्याने कधी ठेवली नाही. नवी कात्री आली की तिचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकवायचा. दुकानात नवा आरसा लागला तेव्हा समोरच्या टक्कल पडलेल्या घड्याळवाल्यालाही त्याने हाताला धरून आत आणलं होतं. अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर आयुष्यातली पहिली गाडी मिळाली, तर काय होईल? ज्या टॅक्सीवाल्याची दाढी तो वर्षानुवर्षं करत आला, तो धंदा सोडून लेकीकडे राहायला गेला आणि जाताना आपली जुनी, बुटकी गाडी तुफानच्या गळ्यात घालून गेला. तेव्हापासून स्वारी हवेत होती.

गाडीच्या पोटातून ऑइल ठिबकत होतं.

"गॅरेजला टाका की," त्याची बायको म्हणाली. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. दुकानामागच्या खोलीत पायमशीनवर त्या शाळेचे गणवेश शिवायच्या, आणि मधल्या दारातून त्यांना नवरा आणि त्याची खुर्ची दोन्ही दिसायची.

"गॅरेज? अगं, माझ्या गाडीला परक्याचा हात? आपण ट्रॉली जॅक घेऊ. घरच्या घरी गाडी उचलायची, खाली शिरायचं, काम फत्ते!"

निघण्यापूर्वी त्याने गाडीचं माप घेतलं, तेही कंगव्याने. पोटाखाली कंगवा उभा धरला तर तो जेमतेम मावला. मग वहिनींसोबत हत्यारांच्या दुकानात जाऊन त्याने तोच कंगवा काउंटरवर उभा केला. "एवढीच फट आहे. यातून शिरेल असा जॅक द्या."

दुकानाची मालकीण खूश झाली. "माप घेऊन कुणी येत नाही हो. नुसतं 'मोठा द्या' म्हणतात." तिने एक जाडजूड जॅक बाजूला सारला. "हा दिसायला पैलवान, पण तुमच्या गाडीखाली जाणारच नाही. हा घ्या. अंगाने बारीक, पण तुमच्या गाडीच्या वजनाहून जास्त वजन झेपतं याला. माथ्यावर रबर आहे, पत्रा चेपणार नाही. सपाट सिमेंटवरच वापरा. उचलताना याची चाकं थोडी पुढेमागे सरकतात, मातीत ती रुततील."

तुफानने जॅकचा दांडा वरखाली हाणायला सुरुवात केली. जॅकचं डोकं वर आलं, आणि तो दुकानातच ओरडला, "बघितलंस? बघितलंस का?" वहिनींनी बघितलं. सगळ्या दुकानाने बघितलं.

"आणि या घोड्या." मालकिणीने तीन पायांचे दोन लोखंडी टेकू पुढे केले. "जॅक उचलण्यापुरता. गाडी पेलायची ती घोड्यांनी. त्या लावल्याशिवाय खाली जायचं नाही."

"बाई, जन्म गेला माझा असल्याच पंपावर माणसं उचलण्यात! पायाने दाबलं की माझी खुर्ची वर. आत हेच, तेलाचा दाब. भले भले धटिंगण बसून गेले तिच्यावर, सूतभर खाली गेली नाही कधी."

कोपरापासून हात जोडावेत अशी ही खात्री. वहिनींनी दोनदा त्याची बाही ओढली, पण गडी जॅक उचलून रस्त्यालाही लागला होता. घोड्या दुकानातच राहिल्या.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मागच्या सिमेंटच्या अंगणात सोहळा सुरू झाला. खोटं कशाला बोला, बाकीचं जवळजवळ सगळं त्याने नीट केलं. हँडब्रेक ओढला, मागची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना लाकडाची उटी लावली, जॅक ठरल्या जागी सरकवला. दांडा घाईघाईने फिरवून तेल अडवणारी झडप लावली आणि हाणायला लागला. गाडीचं नाक वर चाललं. पुढची चाकं जमीन सोडून लोंबायला लागली. तुफान टाळ्या वाजवत गाडीभोवती फिरला, आपल्या हाताने आख्खी गाडी उचलली म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनाही हसू फुटलं. एवढा आनंद त्या घरात फार दिवसांनी आला होता.

मग त्याने पुठ्ठा अंथरला आणि त्यावर आडवा झाला, तशा वहिनी पुढे आल्या. या माणसावर ओरडून उपयोग नसतो. ओरडलं की तो आणखी चेकाळतो. लोखंडाच्या त्या धुडाखाली तो आता पाठीवर सरकणार होता, तेही एका खुर्चीच्या भरवशावर. आणि त्या खुर्चीबद्दल त्यांना एक शंका होती, फार जुनी.

"अहो, उठा. माझे केस कापा."

तो ताडकन उठून बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वहिनींनी त्याची कात्री आपल्या डोक्याजवळ फिरकू दिली नव्हती. "आत्ता?"

"आत्ता. नाहीतर कधीच नाही."

गाडी तशीच टाकून तो दुकानात धावला. वहिनींना खुर्चीत बसवलं, पंप दाबून वर चढवलं, पांढरं कापड बांधलं. त्यांनी साबणाच्या फेसाने आरशावर, भुवया दिसत होत्या तिथे, एक आडवी रेघ ओढायला लावली. मग एक वर्तमानपत्र खाली टाकलं. "यावर उभे राहा. कापून होईपर्यंत पाय हलवायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही हलवायचा."

कात्री चालू झाली. तुफान रंगात आला, तोंडाचा पट्टा सुरू. पण मध्येच त्याचा उजवा पाय उचलला गेला आणि पंपाकडे निघाला.

"पाय!"

"अरेच्चा," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. "अगं, मी नाही, तोच जातोय!"

"माहीत आहे मला. मशीनवर माझे पाय काय करतात ते मला तरी कुठे कळतं?" वहिनी म्हणाल्या. "तुमचा पाय मात्र मी रोज बघते. कात्री चार वेळा वाजली की एक पंप. आता आरशात बघा."

रेघ वहिनींच्या भुवयांवर नव्हती. ती त्यांच्या भांगाच्याही वर गेली होती.

तुफान आरशाकडे बघत राहिला. खुर्ची खाली जात होती. रोज जात होती, प्रत्येक धटिंगणाला घेऊन जात होती, आणि त्याचा स्वतःचा पाय ते त्याच्यापासून लपवत होता. त्याने कात्री फळीवर ठेवून दिली.

"गाडीखाली झोपल्यावर," वहिनी म्हणाल्या, "तुमचा पाय कुठे असणार होता?"

तो अंगणात पळाला. मागोमाग गळ्यात कापड बांधलेल्या वहिनी, एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच.

गाडीची पुढची चाकं जमिनीवर टेकली होती. आवाज नाही, काही नाही. जॅकचा दांडा त्याने उत्साहाच्या भरात पुरता आवळलाच नव्हता, अजून अर्धा फेरा बाकी होता, आणि झडपेतून तेल हळूहळू परत गेलं होतं. पुठ्ठा मात्र तो जिथे झोपणार होता तिथेच पडला होता. तुफानने खिशातून कंगवा काढून पुठ्ठ्यावर उभा धरला. कंगव्याचं टोक वर गाडीला लागलं. मग त्याने तोच कंगवा काखेशी आडवा धरला, एक टोक पाठीपाशी, दुसरं छातीकडे. छाती कंगव्याच्या बाहेर बोटभर उरली.

तो पुठ्ठ्यावरच बसला. वहिनींनी त्याचं डोकं पोटाशी धरलं.

पण तुफान तो तुफानच. "चल!" म्हणत उठला आणि दोघं तशीच हत्यारांच्या दुकानात गेली. मालकीण वहिनींच्या केसांकडे बघत राहिली, पण काही न विचारता तिने घोड्या काढून दिल्या.

या वेळी दांडा घट्ट आवळला गेला. गाडी उचलली, दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या, हळूहळू जॅक उतरवून सगळं वजन त्यांच्यावर दिलं. मग दोघांनी मिळून गाडीला धक्के देऊन पाहिलं. ती जागची हलली नाही. तेव्हा कुठे वहिनींनी मान डोलावली.

"सापडलं!" खालून आरोळी आली. "नुसता बोल्ट सैल आहे गं! पान्यानेच होणार!" आणि मग पान्याची करकर आणि अखंड बडबड.

बाहेर त्याचा उजवा पाय तेवढा दिसत होता. तो सारखा वरखाली, वरखाली चालला होता, पंप दाबल्यासारखा. अर्ध्या केसांच्या वहिनी पायरीवर बसून त्या पायाकडे बघत होत्या, आणि आज त्यांनी त्याला हलू दिलं.