उजवी पट्टी

नव्वदच्या सुमारास गोदावरीला पूर आला, तेव्हा मी अंबड तालुक्यात कारकून होतो. माझी ड्यूटी मोटारबोटीवर लागली. बोट चालवणारा कुठल्याशा धरणावरून आलेला. त्याचं नाव मी विचारलंच नाही. डोळे तांबारलेले, बोलणं मोजकं, बोट उभ्यानंच चालवायचा, अंगठा कायम दोन बटणांवर. त्या बटणांनी बोटीच्या मागच्या दोन पट्ट्या खाली-वर होत; ज्या बाजूची पट्टी खाली, ती बाजू उचलली जाई आणि बोट समतोल राही.

मी साहेबी थाटात त्याच्या उजव्या हाताला बसे. तिसऱ्या दिवशी पुरातून उचललेली सात माणसं बोटीत होती. बोट उजवीकडं कललीशी वाटली, म्हणून मी हुशारीनं दोन्ही बटणं दाबून धरली. दोन्ही पट्ट्या खाली गेल्या, बोटीचं नाक पाण्यात घुसलं आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या मांडीपर्यंत पाणी आलं. बोटवाल्यानं न ओरडता वेग उतरवला, पट्ट्या वर घेतल्या.

"बोट कलली होती," मी पुटपुटलो.

"तुमच्यामुळंच, साहेब. तीन दिवस उजवी पट्टी खाली ठेवून तुम्हाला तोलून राह्यलो."

"मग सरका म्हणायचं की."

"साहेबाला सरका म्हणायला ताकद लागते. तेवढी राह्यली न्हाई. बटण दाबणं सोपं."

मी मधोमध सरकलो. बोट सरळ चालू लागली, आणि सुकाणू न सोडता तो पहिल्यांदाच खाली बसला.