पाणी पसरलं का?

मिस्त्रींवर लिहिण्याची माझी लायकी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा सरावही नाही. चुकलं तर माफ करा. पण आता गप्प राहण्याची भीती जास्त वाटते.

मालवणच्या बंदरात मिस्त्री ट्रॉलरवरची इंजिनं आणि सोलर पॅनेल दुरुस्त करत. काहीही चिकटवण्याआधी ते त्या जागेवर पाणी शिंपडत. पॅनेलच्या पाठीला फ्लोरोपॉलिमरचा पांढरा थर असतो, नॉनस्टिक तव्यावरच्या लेपाचा भाऊबंद. तो खारा वारा अडवतो, पण गोंदालाही थारा देत नाही. मिस्त्री तो पॉलिशपेपरने हलका घासत, स्पिरिटने पुसत, गॅसची निळी ज्योत त्यावरून झर्रकन फिरवत. मग पाणी. थेंब गोळे होऊन राहिले, तर पुन्हा पहिल्यापासून. "पाणी सपाट पसारला, तरच गोंद धरतलो," ते म्हणत.

त्या ज्योतीची मला धास्ती होती. क्षणभर जास्त थांबली तर पॅनेल वाया. "रसायनशास्त्र शिकतंस आणि आगीक भितंस?" ते हसायचे.

सुट्टीत मी त्यांच्याबरोबर काम करत होतो. एका ट्रॉलरच्या पॅनेलमागचा वायरींचा डबा सुटला होता आणि ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मिस्त्री खाली इंजिनाशी गुंतलेले, म्हणून डबा मी चिकटवला. घासलं, पुसलं, ज्योत फिरवली नाही. थेंब गोळे होऊन घरंगळले.

"पाणी पसारला काय रे?" त्यांनी खालून विचारलं.

"पसरलं," मी म्हणालो. ते बघायला वर आले नाहीत.

इंजिनासाठी मिस्त्रीही ट्रॉलरबरोबर गेले. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि वायरलेस गप्प झाला. त्याची बॅटरी त्याच पॅनेलवर भरायची, हे बंदरावर उभ्या माणसांत मला एकट्यालाच छळत होतं. दीड दिवसाने खरखरत आवाज आला. सगळे परतले.

मिस्त्रींच्या तळव्यांना फोड होते. मी विचारलं नाही. त्यांनीही काही विचारलं नाही. पुढच्या कामाला बसताना पाण्याचा तांब्या तेवढा माझ्यासमोर ठेवला. आज विचारतील, उद्या विचारतील, या भीतीत वर्ष गेलं. मग माझ्या परीक्षेच्या दिवसांत तेच गेले.

गेल्या आठवड्यात कट्टा गावच्या एसटी स्टँडवर तांडेल भेटला. त्या वाऱ्यात डबा सुटून लोंबत होता, म्हणाला. वारा पडल्यावर मिस्त्री दिवसभर उन्हात तो तापल्या पॅनेलला दाबून बसले, तेव्हा कुठे बॅटरी भरली. हे काम कोणाचं, असं त्याने भडकून विचारलं होतं. मिस्त्री म्हणाले होते, "तो डबो माझ्या हातचो. पाणी मारूक मीच इसारलंय."

त्यानंतर तांडेलाने त्यांना ट्रॉलरवर कधीच पाय ठेवू दिला नव्हता.