बुडणाऱ्या खोऱ्यातले दोन दिवस

मालवणहून कोल्हापूरची मोटार सुटली, तेव्हा निरोप द्यायला कोणी नव्हते. घरात बुद्धधर्माची दीक्षा घेतलेला मी एकटाच, आणि तेव्हापासून घरची माणसे माझ्याशी कामापुरतेच बोलत. कृष्णेवरच्या धरणात नागार्जुनकोंड्याचे खोरे आणि तिथले प्राचीन विहार बुडणार, असे वर्तमानपत्रात वाचले होते. मी शाळामास्तर; सुटी लागताच निघालो.

मिरज, हुबळी, गुंटूर करीत चौथ्या दिवशी माचर्ल्याला उतरलो आणि तिथून मोटारीने खोऱ्यात आलो. चहूकडे डोंगर, मध्ये तापलेली तांबडी जमीन. विटांच्या स्तूपांचे पाये गाडीच्या चाकासारखे, आऱ्यांसकट उघडे पडले होते. पुन्हा रचता यावेत म्हणून मजूर दगडांवर क्रमांक घालून ते न बुडणाऱ्या टेकडीवर नेत होते. मला तेलुगू येत नव्हते. दिवसभर मी कोणाशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी उत्खननाच्या छावणीत चुलीला मालवणीत शिव्या देणारा आचारी भेटला. तो आमच्याच किनाऱ्यावरच्या रेडी गावचा. वर्षभरात गावाकडचे माणूस त्याला दिसले नव्हते. त्याने नाव विचारले. माझ्या आडनावावरून जात कळते. मी शाळेतल्या एका सवर्ण मास्तरांचे आडनाव सांगितले. त्याने मला आत बसवून भात आणि सुकी सुंगटा (कोळंबी) वाढली.

दुपारी विहारातल्या एका कोठडीत बसलो. एका भिक्खूपुरती जागा. खोटे नाव घेऊन इथे कशाला आलो, असे वाटले. मी उठलो आणि आचाऱ्याला खरे आडनाव, गावाबाहेरची आमची वाडी, दीक्षा, सगळे सांगितले. भांडी घासणारे त्याचे हात थांबले.

"ह्या माका कित्याक सांगितलात? हंय तुमका कोण वळखता?"

"म्हणानच सांगितलंय," मी म्हणालो.

संध्याकाळी त्याने माझे पान बाहेर झाडाखाली मांडले. मी न जेवता उठलो.

सकाळी मोटारीपाशी तो आला आणि जरा लांबच उभा राहिला. "मास्तरांनू, रेडीक गेलात तर आमच्या घराकडे सांगा, बरो आसा म्हणान."

परतीच्या वाटेवर त्या कोठडीचाच विचार होता. शतकानुशतके मातीखाली राहून ती उघडी झाली, आणि आता पाण्याखाली जाणार. तिच्यात बसलेल्या शेवटच्या काही माणसांतला मी एक.

घरी जाण्याआधी रेडी गाठली. आचाऱ्याची बायको खळ्यात (अंगणात) आली. मी आधी माझे पूर्ण नाव सांगितले, मग निरोप. ती बसा म्हणाली नाही. पण निरोप तिने मला दोनदा सांगायला लावला.