ढीट पेशी

"मेल्या का, म्याडम?"

सकाळी लॅबचं कुलूप उघडता उघडता ते मला हेच विचारायचे. नागपुरातल्या आमच्या फार्मसी कॉलेजात ते लॅब अटेंडंट होते, आणि ही चौकशी असायची बशीतल्या कॅन्सरच्या पेशींची. नाही म्हटलं की त्या पेशींच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

त्या पेशी औषधाला दाद देत नसत. आत शिरलेलं औषध सरळ बाहेर फेकायच्या. शोधनिबंधांत याला भारदस्त नाव आहे; ते मात्र म्हणायचे, "ढीट." पुढे आमचे सरही ढीटच म्हणू लागले. तेच औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून, पेशींना पत्ता न लागता आत पोचवायचं, ही माझी खटपट. त्यांना समजावलं तर म्हणाले, "म्हंजे सूटबूट घालून लग्नात जेवाले घुसनं. पत्रिका कोन मांगते?" मला इतकं सोपं कधीच सांगता आलं नाही.

एकदा खरंच मेल्या. कॉलेजभर सांगत सुटले ते.

तुमच्याही कामावर तुमच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवणारा असा कोणी असेल. त्याला जपून बोला.

त्यांच्या बायकोला स्तनाचा कॅन्सर होता. एका दुपारी ते थर्मासमध्ये बर्फ भरून आले. चेहरा चक्क उजळलेला.

"डॉक्टर म्हने, औषध लागून नाही राहिलं. ढीट झाल्या. मी म्हटलं, मंग काहून घाबरता साहेब, त्याचंच औषध आमच्या फ्रीजमंदी आहे. द्या म्याडम."

हे अजून उंदरांनाही दिलेलं नाही, मी सांगितलं. माणसांपर्यंत जायला कितीतरी वर्षं लागतील.

"पन मेल्या ना? मेलेल्या प्लेटी मीच तं फेकल्या."

फ्रीजची किल्ली त्यांच्याच खिशात होती, तरी ते मागत होते. मी नाही म्हटलं. नियमाने माझं बरोबर होतं, आजही आहे, आणि त्या बरोबर असण्याचाच मला संताप येतो.

दीड महिन्यात त्यांची बायको गेली. ते कामावर परतले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, याचा उपयोग कोणाला? उत्तर पाठ होतं. "ज्या रुग्णांना औषध लागू पडेनासं होतं, त्यांना," मी खणखणीत आवाजात म्हणाले. तेव्हा ते चहा देत होते. परीक्षकांना दिला, सरांना दिला. माझा कप ट्रेमध्ये तसाच ठेवून ते बाहेर गेले. मीही मागितला नाही.