काकांचे जजमान

आपल्याला वाचणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या आपलाच, असं मानणारा लेखक जगात एकच, आणि तो दुर्गाघाटावर आमच्या डोक्यावर राहतो. ते आमचे घरमालक, काका. मी रेल्वेतल्या बदलीने काशीला आलो आणि त्यांच्या खालच्या दोन खोल्यांत राहिलो. काका तीर्थपुरोहित; पिढीजात यजमानाला इथे जजमान म्हणतात. तुम्ही गाव आणि आडनाव सांगा, ते वही काढून तुमच्या पणजोबांची सही दाखवतील आणि वर म्हणतील, "बघा, तुम्ही आमचेच. दुसरीकडे जाण्याचा सवालच नाही."

माझी चूक एवढीच, की मी त्यांना ब्लॉकचेनवर चालणाऱ्या एका ब्लॉगच्या साइटवर खातं उघडून दिलं. तिथे वाचकांनी मत दिलं की लेखकाला मानधन म्हणून टोकनं मिळतात, उलटं मत दिलं की ती जातात, आणि एकदा लिहिलेलं कायमचं पुसता येत नाही. काकांना हे फार आवडलं. दक्षिणा आणि वही एकाच जागी! ते रोज घाटांवर लिहू लागले. लेख टाकण्याआधी पळीभर पाणी सोडून संकल्प करायचे, अमावास्येला काही टाकायचे नाहीत. लिहायचे मात्र सुरेख. भोसले घाटाच्या दगडांवर त्यांनी लिहिलेलं वाचून मी मुद्दाम वाट वाकडी करून तो घाट पाहून आलो. ते स्वतः कुणालाही मत देत नसत. "आम्ही घेणारे. देणं हे जजमानाचं काम." आणि ज्याने एकदा मत दिलं, त्याचं नाव वहीत चढायचं.

या वहीत पहिलं नाव होतं 'निवृत्तमास्तर'. हा वाचक रोज न चुकता मत द्यायचा. मग एके दिवशी त्याची मतं मिरजेच्या एका बाईंकडे जाऊ लागली. त्या कालवणांच्या कृती लिहायच्या. काका भडकले. बाईंच्या सुक्क्या मटणाखाली त्यांनी ठणकावून लिहिलं, "दुसऱ्याचे जजमान फोडणं याला काशीत चोरी म्हणतात." झालं! लोकांनी उलटी मतं देऊन काकांचं त्या आठवड्याचं सगळं मानधन पुसून टाकलं. मी म्हटलं, काका, माफी मागा. "कशाची? हक्क मतांनी ठरत नाही, वहीने ठरतो."

पुढे मास्तरांची मतं दोघांनाही येईनाशी झाली. काका रोज मला विचारायचे, "मास्तर आले का हो?"

माघात एक बाई अस्थींचा कलश घेऊन गल्लीत काकांचं घर विचारत आल्या. मीच त्यांना वर नेलं. काकांनी सवयीने विचारलं, "गाव? आडनाव?"

"मिरज. पण आमचं नाव तुमच्या जुन्या वहीत नसेल. नव्या वहीत, त्या साइटवर, बाबांचं खातं आहे. निवृत्तमास्तर."

काकांचा हात वहीवरच राहिला. "म्हणजे तुम्ही..."

"हो. मीच ती, जजमान फोडणारी." बाई हसल्या आणि लगेच रडल्या. "मी लिहायला लागले म्हणून बाबा मत मला द्यायचे. पण सकाळी उठून आधी तुम्हालाच वाचायचे. माझं काशीतलं त्यांच्याकडेच कर, म्हणाले होते."

काकांनी सगळे विधी स्वतः केले. दक्षिणा घेतली नाही. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे पाहिलं. बाई गेल्यावर ते फोन घेऊन खाली आले. "ते चोरीचं वाक्य काढून टाका."

"काका, वरून काढता येईल. पण ते तिथून कायमचं जात नाही."

ते पायरीवर बसले. "आमच्या वहीला निदान वाळवी तरी लागते," एवढंच म्हणाले.

काल मिरजेहून नवी कृती आली, मटणाच्या रश्श्याची. काकांना कांदासुद्धा चालत नाही. त्यांनी हातपाय धुतले, चष्मा लावून ती मसाल्यासकट शेवटपर्यंत वाचली, पळीभर पाणी सोडलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"मत कसं देतात हो? रोज द्यावं लागेल. मास्तर नाहीत ना आता."